पी. पी. नंबरवरचे इंटरनेट

१९९० च्या आसपासच्या लग्नपत्रिका किंवा व्हिजिटिंग कार्डे कोणी जपून ठेवली असतील, तर त्यांच्या तळाशी एक नजर टाकावी. फोन नंबर छापलेला दिसेल आणि त्याच्यापुढे ‘पी. पी.’ ही दोन अक्षरे. फोन आपला नाही, शेजाऱ्याचा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या फोनवरून आपण पैसे देऊन कुठेही बोलू शकत होतो. बाहेरून आपल्याला फोन आला, तर मात्र सगळे शेजाऱ्याच्या हाती. त्याने गॅलरीत येऊन हाक मारली तर बोलणे व्हायचे. फोन कोणासाठी आहे हे त्याला कळले नाही, तर ‘राँग नंबर’ म्हणून तो ठेवून द्यायचा.

फोन घरोघरी आले आणि पी. पी. ही अक्षरे विस्मरणात गेली. पण आज कर्जत-खालापूरच्या बहुतेक लहान कार्यालयांतले इंटरनेट नेमके याच पद्धतीवर चालते. ज्यांची कामे त्यावर अवलंबून आहेत, त्यांना हे बहुधा कोणी सांगितलेले नसते. मलाही नव्हते. ते कसे कळले, त्यामागचा इतिहास काय, आणि लहान कार्यालयाने आपल्या राउटरवर काय करावे, हे या लेखात मांडतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संगणकाचे शिक्षण कुठल्याही वर्गात झाले नाही. जे शिकलो ते अडल्यावर शिकलो. त्यामुळे लेखाची भाषाही अडलेल्या माणसाचीच आहे.

अडले कुठे?

जुने मोडी कागद वाचून देणे आणि फेरफार व नकाशे यांची छाननी करणे हा माझा व्यवसाय. कर्जतला बाजारपेठेत दोन खोल्या आहेत आणि खालापूरला एक. कर्जतच्या खोलीत गेल्या काही वर्षांत स्कॅन केलेले हजारो कागद एका नेटवर्क डिस्कवर ठेवले आहेत. खालापूरच्या सहकाऱ्याला त्यातला एखादा कागद हवा असला, तर तो पेन ड्राइव्हवर घालून मोटरसायकलने पोचवावा लागे. पावसाळ्यात हे किती सुखाचे असते, ते या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको.

दोन्हीकडे फायबर आले तेव्हा वाटले, आता प्रश्न मिटला. कर्जतची डिस्क खालापूरहून उघडायची, एवढेच. प्रत्यक्षात दोन महिने गेले. राउटरच्या पानावर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ नावाची सोय होती, ती सूचनेबरहुकूम भरली; काही झाले नाही. राउटर बदलला, काही झाले नाही. सेवा देणाऱ्यांना विचारले, तर ‘आमच्याकडून सगळे चालू आहे’ असे उत्तर आले. ते खोटे नव्हते. माझा प्रश्नच चुकीचा होता. मी विचारत होतो, ‘नेट चालू आहे का?’ विचारायला हवे होते, ‘माझा पत्ता माझा आहे का?’

पत्ते कमी का पडले?

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता लागतो. सप्टेंबर १९८१ मध्ये पक्क्या झालेल्या आणि आजही सर्वत्र वापरात असलेल्या आवृत्तीत, म्हणजे आयपी आवृत्ती ४ मध्ये, हा पत्ता ३२ बिटांचा आहे. ३२ बिटांतून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ, यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की हा आकडा एका प्रयोगापुरता ठरवला होता. तो प्रयोग संपलाच नाही. १९८१ मध्येही जगाची लोकसंख्या साडेचारशे कोटींच्या घरात होती. म्हणजे माणशी एक पत्ताही पहिल्या दिवसापासून नव्हता.

१९९० नंतर ही टंचाई जाणकारांना दिसू लागली. मे १९९४ मध्ये केल्ड इगेव्हांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. सुचवलेला उपाय असा: कार्यालयाच्या आत वाटेल ते खासगी पत्ते वापरा, बाहेर जाताना दारातल्या यंत्राने आतला पत्ता पुसून त्या जागी बाहेरचा पत्ता लिहावा, आणि उत्तर आले की उलट करावे. याचेच नाव नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेशन, बोलीत ‘नॅट’. लेखकांनी हा उपाय तात्पुरता आहे आणि त्याचे तोटेही आहेत, हे त्याच टिपणात नमूद केले होते. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे हा तात्पुरता उपाय भारतातल्या इंटरनेटपेक्षा वयाने मोठा आहे.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट पाच खंडीय संस्थांना वाटून टाकले गेले. आशिया-पॅसिफिकची संस्था एपनिक त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या शेवटच्या गटावर आली. तेव्हापासून नव्या सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळत. २०१९ मध्ये ती मर्यादा ५१२ वर आली. आता तालुक्याच्या ठिकाणी नव्याने फायबर टाकणाऱ्या एखाद्या लहान केबलचालकाचा विचार करा. ग्राहक काही हजार, हातात पत्ते ५१२. तो काय करणार? तोही नॅटच करणार. माझे दोन महिने कुठे गेले, त्याचे उत्तर या आकड्यात आहे.

मारुतीच्या देवळाजवळ

आतले खासगी पत्ते कोणते, हे फेब्रुवारी १९९६ च्या नियमाने पक्के झाले. ‘१०’ ने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते, ‘१७२.१६’ ते ‘१७२.३१’ मधले १०,४८,५७६, आणि ‘१९२.१६८’ ने सुरू होणारे ६५,५३६. हे पत्ते कोणीही, कुठेही, कितीही वेळा वापरावेत; फक्त ते उंबरठ्याबाहेर जाता कामा नयेत.

‘मारुतीच्या देवळाजवळ’ असा पत्ता गावात सांगितला तर माणूस बरोबर पोचतो. पण मुंबईहून कोणी पाकिटावर एवढेच लिहिले तर पोस्टमन काय करील? मारुतीचे देऊळ तर गावोगावी आहे. १९२.१६८.१.१ हा पत्ता तसाच आहे. कर्जत, खालापूर, नेरळ, खोपोली, सगळीकडच्या दुकानांतल्या असंख्य राउटरांचा पत्ता हाच असतो, कारण कारखान्यातून ते तसेच येतात.

वहीतली नोंद

एका पत्त्यावर अनेक यंत्रे चालवायची तर आलेले उत्तर कोणाचे, हे राउटरला कळते कसे? इथे ‘पोर्ट’ कामाला येतो. पोर्ट म्हणजे पत्त्याला जोडलेला एक क्रमांक, ० ते ६५,५३५ मधला. उदाहरण घेऊ. कार्यालयातला संगणक १९२.१६८.२०.५ हा ५१,००० या पोर्टावरून एखादे संकेतस्थळ उघडतो. राउटरचा बाहेरचा पत्ता २०३.०.११३.२५ आहे असे समजू. (हा पत्ता पुस्तकी उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातला आहे, तो कोणाचाही नाही.) राउटर पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडतो, आपला पत्ता आणि एक मोकळा पोर्ट, समजा ४०,००१, लिहितो, पाकिटाची बेरीज-पडताळणी नव्याने मांडतो आणि आपल्या वहीत ओळ टाकतो: ‘४०,००१ म्हणजे आतला २०.५, पोर्ट ५१,०००.’ उत्तर ४०,००१ वर आले की वही बघून ते आत पोचवतो.

या वहीचे तीन गुण लक्षात ठेवले, तर निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो.

पहिला: ओळ आतून बाहेर जाताना लिहिली जाते. बाहेरून कोणी आपणहून आला, तर वहीत त्याची ओळ नसते आणि राउटर पाकीट टाकून देतो. पी. पी. फोनचा ‘राँग नंबर’ तो हाच.

दुसरा: ओळ कायमची नसते. काही काळ बोलणे झाले नाही की ती पुसली जाते. फोनसारखी रीतसर जोडणी करणाऱ्या टीसीपीसाठी ही मुदत किमान २ तास ४ मिनिटे असावी, आणि पोस्टकार्डासारखे टाकून मोकळ्या होणाऱ्या यूडीपीसाठी किमान २ मिनिटे, असे मानक सांगते. स्वस्त राउटर यूडीपीची ओळ पुष्कळदा ३० सेकंदांतच पुसतात.

तिसरा: वही कागदावर नसते, चालू स्मृतीत असते. वीज गेली की वही कोरी. आपल्याकडे जुलैमध्ये दिवसातून चारदा वीज जाते, तेव्हा ‘नेट आले पण जुने काम लटकले’ असे होते, ते यामुळे.

शेजाऱ्याचाही शेजारी

आता माझ्या अडचणीकडे येतो. माझ्या राउटरची बाहेरची बाजू पाहिली तर तिथला पत्ता ‘१००.६४’ च्या गटातला होता. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातले ४१,९४,३०४ पत्ते खास सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या नॅटसाठी बाजूला काढले गेले. म्हणजे माझा राउटर ज्याला ‘बाहेर’ समजत होता, तेही आतच होते. खरे दार कंपनीच्या दालनात होते आणि तिथली वही मला दिसत नव्हती. माझ्या दारावर मी कितीही पाट्या लावल्या, तरी चाळीच्या मुख्य फाटकावरच पाहुणा अडत होता.

एका सार्वजनिक पत्त्यामागे अशी किती घरे बसतात, त्याचा हिशेब सोपा आहे. पहिले १,०२४ पोर्ट सोडले तर ६४,५१२ उरतात. ग्राहकाला २,००० पोर्ट दिले, तर एका पत्त्यात ३२ ग्राहक. वाटा आणखी लहान केला, तर शेकड्याने.

म्हणून पोर्ट फॉरवर्डिंगच्या वाटेला जाण्यापूर्वी एक मिनिटाची तपासणी करावी. राउटरच्या पानावर ‘वॅन’ या मथळ्याखालचा पत्ता वाचावा, आणि मग ‘माझा आयपी कोणता’ असे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा पत्ता वाचावा. दोन्ही एकच असतील तर दार तुमचे. वेगळे असतील तर पुढे कुठेतरी आणखी एक नॅट आहे. कधी कधी हे दुसरे नॅट कंपनीकडे नसून आपल्याच भिंतीवरच्या फायबरच्या डब्यात असते. तो डबा ‘ब्रिज’ पद्धतीत टाकून मागितला, की ते जाते. कंपनीकडचे असेल, तर स्थिर सार्वजनिक पत्ता वार्षिक शुल्क भरून घेणे हाच मार्ग. मी कर्जतसाठी तो घेतला. खालापूरसाठी घेतला नाही. त्याची गरज का पडली नाही, ते पुढे येते.

मांडणी

लहान कार्यालयाच्या राउटरवर मी आता जी मांडणी करतो, ती क्रमाने सांगतो.

आतला पट्टा बदलावा. माझ्या दोन्ही कार्यालयांत १९२.१६८.१ हाच पट्टा होता. दोन गावे जोडायची आणि दोन्हीकडे देऊळ एकाच नावाचे, मग निरोप कुठल्या देवळाकडे न्यायचा? म्हणून कर्जतला १९२.१६८.२० आणि खालापूरला १९२.१६८.३० केले. हे पहिल्याच दिवशी केले तर पाच मिनिटांचे काम आहे. वर्षभराने केले तर प्रिंटरपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळ्यांची मनधरणी करावी लागते.

ज्यांना इतर यंत्रे शोधत येतात, अशा प्रिंटर, डिस्क आणि कॅमेऱ्याच्या पेटीला राउटरमधूनच कायमचे पत्ते बांधून द्यावेत. बाकीच्यांना रोजचे मिळतील ते चालतात.

नॅटचा नियम फक्त बाहेर जाणाऱ्या तारेवर लावावा. अनेक राउटरांत या नियमाचे नाव ‘मास्करेड’ असते, म्हणजे सोंग. बाहेरचा पत्ता बदलता असेल तेव्हा हाच नियम सोयीचा. पण तो तारेचे नाव न घालता लावला, तर राउटर आतल्या आतही सोंग घेतो. मग डिस्कच्या नोंदवहीत प्रत्येक भेट राउटरच्याच नावावर पडते आणि कोणता कागद कोणी उघडला, हे कधीच कळत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे.

नॅट म्हणजे कुलूप नव्हे. वहीत ओळ नसल्यामुळे अनोळखी पाकीट परत जाते, ही सोय आहे, राखण नव्हे. राखणीला फायरवॉलचे नियम वेगळे लिहावे लागतात. आतल्या यंत्रांना आपणहून दारे उघडायची मुभा देणारी ‘यूपीएनपी’ ही सोय बंद करावी. ‘डीएमझेड’ नावाच्या रकान्यात कोणाचाही पत्ता घालू नये. त्याने त्या यंत्रापुढचे दार सताड उघडते. कॅमेऱ्याच्या पेटीसाठी तर पोर्ट उघडूच नये. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यातलेच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर जगभरातून गोळा केले, आणि २१ ऑक्टोबर रोजी त्यांच्या बळावर अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

पोर्ट उघडलाच, तर एक चकवा लक्षात ठेवावा. मोबाइलच्या नेटवरून डिस्क उघडते, पण कार्यालयातल्या वाय-फायवरून तोच बाहेरचा पत्ता दिला तर उघडत नाही. कारण असे: २०.५ ने बाहेरच्या पत्त्यावर पाठवलेले पाकीट राउटर आतल्या डिस्ककडे वळवतो. डिस्क पाहते की पाठवणारा आपल्याच आळीतला आहे, आणि उत्तर थेट त्याच्या हातात देते. संगणक मात्र बाहेरच्या पत्त्याकडून उत्तराची वाट पाहत असतो. तो हे उत्तर नाकारतो. उपाय दोन. राउटरवर ‘हेअरपिन नॅट’ लावावे, किंवा आत असताना आतलाच पत्ता वापरावा. मी दुसरा मार्ग घेतला.

कर्जत आणि खालापूर मी शेवटी ‘वायरगार्ड’ नावाच्या बोगद्याने जोडले. मार्च २०२० पासून ही सोय लिनक्सच्या गाभ्यात आहे आणि बऱ्याच राउटरांत मिळते. कर्जतला स्थिर पत्ता आहे, तिथे एक यूडीपी पोर्ट उघडा आहे. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही, त्याला तो उत्तरही देत नाही. खालापूर शेजाऱ्याच्या शेजाऱ्यामागे आहे, पण त्याची हरकत नाही, कारण फोन खालापूरनेच करायचा आहे. बोलणे नसले तरी खालापूर दर २५ सेकंदांनी एक रिकामे पाकीट पाठवते. २५ का, ते वर आलेच आहे: ३० सेकंदांनी वही पुसणारे राउटर वाटेत असतात. तेवढ्या एका आकड्यावर माझी पावसाळी खेप थांबली.

नोटीस

इथवर प्रश्न सोयीचा होता. माझे मत बदलले ते दुसऱ्याच एका प्रसंगाने.

खालापूर तालुक्यात माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचे फार्महाउस आहे. शनिवार-रविवार पाहुणे येतात. वाय-फायचा पासवर्ड फलकावर लिहिलेला. एके दिवशी त्यांना चौकशीचा कागद आला. त्यांच्या सार्वजनिक पत्त्यावरून कोणाची तरी पैशाची फसवणूक झाली होती. कागदावर पत्ता, तारीख आणि वेळ होती. पोर्ट नव्हता. वेळ भारतीय की ग्रिनिचची, हेही नव्हते. साडेपाच तासांच्या फरकाने दुपारी निघून गेलेले पाहुणे की संध्याकाळी आलेले, एवढी माणसे बदलत होती.

ते राउटर घेऊन माझ्याकडे आले. मी नोंदी उघडल्या, तर त्यात वर्ष १९७० दिसले. अशा राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज जाऊन आली की ते १ जानेवारी १९७० पासून मोजू लागतात आणि वेळ सांगणारा सर्व्हर नेमून दिला नसेल, तर तिथेच राहतात. शिवाय वही तर केव्हाच पुसली गेली होती. पाहुण्यांच्या नोंदवहीत नावे होती, पण त्यांतले कोण त्या वेळी काय करत होते, हे सांगणारा एकही कागद नव्हता. त्या गृहस्थांवर शेवटी काही आले नाही. पण तोपर्यंत तीन हेलपाटे झाले आणि गावात चर्चा व्हायची ती झालीच.

यातून घेण्यासारखे धडे साधे आहेत. राउटरला राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळ-सर्व्हरशी जोडावे. पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय आणि वेगळा पट्टा ठेवावा. नॅटच्या नोंदी राउटरबाहेर एखाद्या डिस्कवर जातील असे करावे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात संस्थांनी नोंदी १८० दिवस ठेवाव्यात असे आहे, तोच हिशेब धरावा. आणि कधी असा कागद आलाच, तर घाबरून न जाता लेखी विचारावे: पोर्ट कोणता, आणि वेळ कोणत्या घड्याळाची? सार्वजनिक सर्व्हरांनी पत्त्याबरोबर पोर्ट आणि अचूक वेळही नोंदवावी, अशी तज्ज्ञांची शिफारस जून २०११ पासून आहे. पी. पी. नंबरवरून कोणी शिवी दिली, तर शिक्षा फोनच्या मालकाला नको, हा न्याय त्या दोन प्रश्नांत आहे.

स्वतःचा नंबर

या सगळ्यावरचा खरा उपाय डिसेंबर १९९८ पासून लिहिलेला आहे. आयपी आवृत्ती ६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा आहे. प्रत्येक प्रिंटरला, प्रत्येक पर्जन्यमापकाला स्वतःचा पत्ता देऊनही तो संपणार नाही. भारत यात मागे नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची व्यावसायिक सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवर ही आवृत्ती झपाट्याने पसरली आणि आज देशातले निम्म्याहून अधिक वापरकर्ते तिच्यावर आहेत. म्हणजे आपल्या खिशातल्या फोनला बहुधा स्वतःचा नंबर आहे आणि कार्यालयातल्या राउटरला नाही. अनेक राउटरांत ती सोय असते, पण बंद ठेवलेली असते. सुरू करण्यापूर्वी फायरवॉल मात्र पाहून घ्यावी, कारण तिथे वहीचा आडोसा नसतो.

पी. पी. नंबरवर आपले दिवस निघालेच की, असे कोणी म्हणेल. निघाले. पण तेव्हाही फरक जाणवत होता. फोन करता येणे वेगळे आणि आपल्याला कोणी फोन करू शकणे वेगळे. नॅटमागचे गाव जगाकडून सगळे मागवू शकते; जगाने गावाकडे काही मागायला यायचे, तर वाटेत कोणाची तरी परवानगी लागते. माझ्या डिस्कवर या दोन तालुक्यांच्या दीडशे वर्षांच्या शेतांची आणि बांधांची नावे आहेत. ती पाहायला कोणी येऊ इच्छील, तेव्हा त्याला ‘राँग नंबर’ ऐकू येऊ नये, एवढ्यासाठी ही खटपट.

या दिवाळीत घरची साफसफाई करताना राउटरवरची धूळ पुसाल, तेव्हा त्याचे पान उघडून ‘वॅन’ पुढचा पत्ता एकदा वाचून पाहा. सुरुवात १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातल्या आकड्यांनी किंवा १० ने होत असेल, तर आपणही अजून पी. पी. वरच आहात.